मागची ओळ

३ डिसेंबर
भालकीच्या साखर कारखान्यात आजपासून मी ऑफिसात. कलबुर्गीहून निघताना आईनं भरपूर काळजी केली होती, पण लॅबमधल्या नेत्रावती अक्कानं पहिल्याच दुपारी आपल्या डब्यातली भाकरी वाढली आणि मी घर विसरले.

पहिलं काम, सभेसाठी आलेख. ऑफिसचे प्रमुख सुधींद्र सर, त्यांना सपाट आलेख शाळेतला वाटतो; त्यांना मागंपुढं उभे राहिलेले जाडजूड खांब हवेत. सगळ्यात पुढं गाळपाचे उंच खांब, मागं विभागवार अपघात. शेवटची ओळ लॅबची, ती पूर्ण झाकली जाते. सर म्हणाले, असू दे, पाहुण्यांना मागचं कामून दावायलीस. मला हसूच आलं.

५ डिसेंबर
आलेख फिरवून मागून पाहिला. लॅबच्या ओळीत डिसेंबरचा खांब उभा! तक्त्यात ती जागा रिकामी आहे. पुसला, पुन्हा आला. माझंच काही चुकलं असेल.

संध्याकाळी लॅबमधल्या बाबूलालच्या हातांवर उकळता रस सांडला. अक्का त्याच्या शेजारीच होती.

६ डिसेंबर
लॅबचा खांब वाढलाय. अक्काच्या काळजीनं जेवण गेलं नाही. मागं झाकलेल्या ओळीवरच संकट येतं की काय, म्हणून तिची ओळ पुढं घेतली. ऊस टाकतात त्या गव्हाणीची ओळ मागं गेली.

७ डिसेंबर
गव्हाणीच्या पट्ट्यात पिराप्पा अण्णा ओढले गेले. जागीच गेले. परवा त्यांनी मला उसाचं कांडं सोलून दिलं होतं. ती ओळ मी मागं ढकलली होती. मीच.

अक्काला सगळं सांगितलं. ती म्हणाली, येडी हैस का, यंत्रं दुरुस्त करा म्हणून आमी किती दिस सांगायलाव, कोणी ऐकंना.

८ डिसेंबर
आलेख सपाट केला. काहीच झाकलं गेलं नाही. हायसं वाटलं. दुपारी सरांनी परत खांब केले. लॅब मागं. मी बोलले, तर रागावले.

९ डिसेंबर
सर पाहुणे आणायला बिदरला. मी आलेख सपाट करायला गेले — होईना. अक्का लॅबमध्ये. कुणीतरी मागं राहणारच —

ऑफिसची ओळ शेवटी टाकली. इथं मी एकटीच.

लॅबचा खांब थांबला. अक्का वाचली.

आमचा वाढतोय — भिंतीतल्या नळीतून वाफ — दार गरम, कडी निघत नाही — अक्का धावत येतेय, तिला कुणी थांबवा, तिनं आत येऊ —