जिंकला तो माझाच

३ मार्च, सकाळ
साडू राहायला आला. त्याच्या घरी रंगकाम आणि मेव्हणी ऑफिसच्या ट्रेनिंगला. सोबत एक बॅग, दोन डंबेल्स आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक किलीफिश, शोभेचा छोटा मासा. नर. रंगाच्या वासाने मरेल म्हणे. माझ्या टँकमध्ये माझा नर आणि त्याची मादी सुखाने नांदतायत. दोन नर भांडतात, हे मी सांगितलं. ही म्हणाली, "सोडा हो, भाऊजींचा आहे." सोडला.
मला मत्सर वगैरे वाटत नाही. नोंद असावी.

३ मार्च, संध्याकाळ
युद्ध पेटलं. दोघेही सारखेच नारिंगी. पर ताठ, कल्ले फुगलेले, शेपट्यांनी ढकलाढकली.
साडूने भांडी घासली. किती नीट घासलीत, असं ही म्हणाली. मी लग्नापासून घासतोय. म्हणजे अधूनमधून.

५ मार्च
ऑफिसातून आलो तर निकाल लागलेला. एक झळाळतोय, दुसरा फिका पडून फिल्टरमागे दडलाय, शेपटी कुरतडलेली. जिंकला तो अर्थात माझा. ओळखायला काय बघायचंय, रुबाबच सांगतो. हरलेल्याला बरणीत काढलं आणि साडूचं दोन शब्दांत सांत्वन केलं. तो बरणीत बराच वेळ बघत राहिला, मग नुसता हसला. खिलाडूपणाचं नाटक.

८ मार्च
विजेत्याला जिवंत अळ्या चालू केल्या. हौसेला मोल नाही.
मादीला अंडी घालायला हिरव्या लोकरीचा झुपका लागतो. तो ही आणि साडू मिळून करत होते. एक सोफा, एक गुंडा, आणि ही हसतेय. मी मध्ये बसलो. जागा नव्हती, तरी बसलो.
उद्यापासून सकाळी चालायला जाणार.

९ मार्च
गजर वाजला. शेजारच्या खोलीत डंबेल्सचा आवाज. आता चालायला जाणं म्हणजे त्याची नक्कल केल्यासारखं दिसलं असतं. झोपलो.
झुपक्यात अंडी! माझ्या पठ्ठ्याची. ऑफिसात कॅशियरला सांगितलं. त्याने अभिनंदन केलं, मग कशाबद्दल ते विचारलं.
ही बरणीतल्या पराभूताला रोज स्वतः खायला घालते, त्याच्याशी बोलते. साडूचा ना! बघून मी विजेत्याला दुप्पट अळ्या घातल्या. भूक असते त्याला.

१२ मार्च, दुपार
साडू निघाला. मोठ्या मनाने बरणी त्याच्या हातात दिली. त्याने ती टेबलावर ठेवली, जाळी घेतली आणि माझा विजेता उचलून पिशवीत घातला. मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, हाच माझा, बरणीतला तुमचा. मी न्यायासाठी हिच्याकडे बघितलं.
ही म्हणाली, "अहो, आपल्याच्या कल्ल्याखाली काळा ठिपका आहे. मी तेव्हाच सांगणार होते. पण तुम्ही इतके खूश होतात."
बरणीत बघितलं. ठिपका आहे.

१२ मार्च, संध्याकाळ
हिशेब असा: मी साडूचा पोसला, हिने माझा जगवला. अंडी इथेच राहिलीत. साडूची पोरं आता मला वाढवायची आहेत.
आपल्या नराला टँकमध्ये परत सोडलं. रंग थोडा आलाय. एकटाच आहे, तरी काचेतल्या स्वतःवरच पर ताठ करून धावून जातोय. मादी झुपक्याआडून बाहेर यायला तयार नाही. त्याने जरा समजून घ्यायला हवं.
साडूचा विषय संपला. डंबेल्स मात्र तो विसरून गेलाय. एक उचलून बघितलं. हिने येऊन खाली ठेवायला मदत केली.