गाडीचं पाणी कुठं जातं

ती. नोलाताईस,

धाकट्या नेव्हिलचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे आठही अंगं जमिनीला टेकत नाहीत, तेव्हा जेवढी टेकतील तेवढ्यांवर गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? होबार्टच्या गारठ्यात ती धरत असणार, आणि तू तुझ्या लेकीला, ग्लेनिसला, त्याचा पत्ता लागू देत नसणार. भाचीला आणि तिच्या पोरांना माझे आशीर्वाद. इकडे मी ठीक आहे. कोंबड्या ठीक आहेत. कुत्रा तू गेल्यापासून दिवसभर फाटकाशी बसून असतो, पण त्याला पहिल्यापासूनच कामधंदा नव्हता.

तुझं पत्र पोचलं. ग्लेनिसने तुझ्यासाठी मागची खोली रंगवायला काढली आहे आणि कायमचं तिथंच राहायचं का ते नाताळपर्यंत सांग म्हणते, हे वाचलं. (रंग कुठला ते लिहिलं नाहीस. मला काय करायचंय म्हणा.) खाली तू विचारलंयस, की नाताळला गाडी घेऊन येणार होतास त्याचं काय झालं, का अजून गाडीचंच रडगाणं चालू आहे. ताई, गाडीचंच चालू आहे. पण आधी ऐकून तर घे.

बाबांची ही गाडी पाणी प्यायला लागली ती तू गेल्यावर. दर शुक्रवारी मी घाट ओलांडून पोर्ट ऑगस्टाला सामान आणायला जातो, ते तुला माहीत आहेच. निघताना रेडिएटर काठोकाठ भरलेला, घरी येईपर्यंत निम्मा. बरं, खाली एक थेंब नाही. मी शेडमध्ये गाडीखाली पुठ्ठे अंथरून पाहिले. सकाळी पुठ्ठे ठणठणीत कोरडे, आणि एकावर कोंबडीने अंडं घातलेलं. घाटात इंजिन तापून काटा लाल रेघेकडे सरकला, की मी तेच करायचो जे बाबांनी आपल्याला शिकवलं आणि या भागातला प्रत्येक शहाणा माणूस करतो: चारही काचा खाली घ्यायच्या आणि हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता आपल्या अंगावर येते आणि इंजिन वाचतं. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, आत हीटर, आणि मध्ये उकडलेला मी. समोरून येणारेही तसेच लालबुंद झालेले असतात. आम्ही स्टिअरिंगवरून एक बोट उचलून एकमेकांना रामराम करतो आणि पुढे जातो.

शेवटी गाडी पेट्रोल पंपामागे टेरीच्या गॅरेजात नेली. टेरीचं तुला ठाऊक आहे. त्याच्या हाती गेलेलं यंत्र बरं होवो न होवो, त्याचं निदान कधी डळमळत नाही. त्याने रेडिएटरला हवेचा पंप लावून दाब दिला, दाबाचा काटा जागचा हलेना, म्हणजे गळती नाही. मग नळ्या बदलल्या, झाकण बदललं. मग पाण्यात हिरवा रंग घातला आणि जांभळा दिवा आणला. त्या दिव्याखाली गळती चमकते म्हणे, पण त्याला अंधार लागतो, म्हणून आम्ही दोघं भर दुपारी गाडीच्या नाकाडावर घोंगडं पांघरून आत शिरलो. (नेमकी तेव्हा तुझी मैत्रीण बेरिल पेट्रोल भरायला आली. दोन म्हाताऱ्यांचे चार पाय तेवढे तिला बाहेर दिसले. ती पेट्रोल भरून निघून गेली, आणि रविवारी चर्चमध्ये सगळे माझ्याशी फार प्रेमाने वागले.) काही चमकलं नाही. टेरी घोंगड्यातून बाहेर आला, घाम पुसला आणि म्हणाला, "नेव्हिल, पाणी खाली जात नाही म्हणजे वर जातंय. इंजिन उघडायला लागणार. मी तुझ्या जागी असतो ना, तर ही म्हातारी भंगारात देऊन मोकळा झालो असतो."

मी त्याला म्हातारी कोणाला म्हणतोस असं विचारलं आणि गाडी घरी आणली.

आता एक सांगतो, हसू नकोस. तू गेल्यावर काही दिवसांनी गाडीत एक गोडसर वास यायला लागला. मला वाटलं, तुझ्या पेपरमिंटच्या गोळ्या कुठे तरी पडल्यात. सगळे कप्पे शोधले, गोळ्या सापडल्या नाहीत, वास मात्र होता. मग मी सकाळच्या गारव्यात काचा बंद ठेवूनच गाडी चालवू लागलो, वास जाऊ नये म्हणून. त्याच दिवसांत समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरायला लागलं. मी बाहीने पुसायचो, ते परत यायचं. मला वाटलं मोतीबिंदू. डोळ्यांच्या डॉक्टरकडेही जाऊन आलो. ती म्हणाली, डोळे उत्तम आहेत, गाडी पुसा.

मागच्या शुक्रवारी पोर्ट ऑगस्टाच्या प्रदर्शनात बेरिलला तिचा क्रीमचा केक मांडायचा होता आणि तिची गाडी पुतण्या घेऊन गेलेला. माझ्याकडे आली. मी म्हटलं, मागे बस. ती म्हणाली, मागे कुत्र्याचे केस आहेत, मी पुढेच बसणार. बसली. घाट लागला, काटा चढला, मी सवयीने हीटर सोडला. केकचा डबा मांडीवर घट्ट धरून बेरिल म्हणाली, "नेव्ह्या, तुझी गाडी माझ्या पायांवर मुतली की रे." मी लक्ष दिलं नाही, बेरिल काय काहीही बोलते. मग तिने दोन्ही पाय उचलून समोर डॅशबोर्डावर ठेवले, बुटांतून पाणी निथळत होतं, आणि ते पाणी हिरवं होतं. बाजारपेठेतून आम्ही तसेच गेलो. क्रीम वितळलं, केकला दुसरं बक्षीस मिळालं, आणि पहिलं माझ्यामुळे गेलं हे तिने परतीच्या वाटेवर मला पुन्हा पुन्हा सांगितलं.

डॅशबोर्डामागे हीटरचा म्हणून एक छोटा रेडिएटर असतो, तो फुटला होता. हीटरची तोटी उघडली तरच त्यात पाणी जातं. टेरीच्या गॅरेजात ती बंद असायची, म्हणून त्याचा काटा हलला नाही. आणि घाटात मी जितकं इंजिन वाचवायला जात होतो, तितकं त्याचं पाणी स्वतःच्या हाताने ओतत होतो. ते पाणी तुझ्या पायांसाठी अंथरलेलं मेंढीचं कातडं सगळं पिऊन टाकायचं. पेपरमिंट वगैरे काही नव्हतं. रेडिएटरच्या पाण्यात घालतात त्या औषधाला तसा गोडसर वास असतो; मी इतके दिवस ते पाणी हुंगत होतो आणि मला बरं वाटत होतं.

ताई, तू बसली असतीस तर पहिल्याच शुक्रवारी ओरडली असतीस. तू गेल्यापासून तुझ्या पुढच्या सीटवर मी कोणाला बसू दिलं नाही, कुत्र्यालासुद्धा नाही, म्हणून हे कळलं नाही. वाटेत अजून मी डावीकडे तोंड करून बोलतो. घर मोठं झालंय. स्वयंपाकघरात मी उभ्यानेच जेवतो, कारण बसलं की समोर तुझी खुर्ची येते.

तर ते असो. सांगायचं एवढंच, की तो छोटा रेडिएटर ॲडलेडहून मागवायचा, तो कधी येईल त्याचा भरवसा नाही. तेव्हा नाताळला माझं जमेलसं दिसत नाही. तू तुझ्या सोयीने ठरव. माझी काळजी करू नकोस, माझं मजेत चाललंय.

तुझा,
नेव्हिल

ता. क. मजेत हा शब्द वर चुकून पडला आहे. रेडिएटरचंही खरं नाही. टेरीने हीटरच्या दोन नळ्या एकमेकींना जोडून हीटरच वगळून टाकला, तो चहा गार व्हायच्या आत मोकळा झाला. गाडी थेंबभर पाणी गाळत नाही. मेलबर्नहून बोटीचं तिकीट काढून ठेवलंय, गाडीसकट. निघवत नाही एवढंच. मी तिथवर यायचं, तू म्हणायचं की मी इथंच राहते, आणि मग तो सगळा रस्ता मी एकट्याने परत यायचं, हे मला झेपणार नाही.

आणखी ता. क. बेरिलने आता दर शुक्रवारी माझ्याबरोबर यायचं काढलंय. मी तिला सांगितलं की मागे बस, पुढची जागा दिलेली आहे. मी तिला खरं सांगितलं का खोटं, तेवढं उलट टपाली कळव.