गयाला मी सांगितलं, माय

माय,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तोवर तुला एकही पत्र लिहिलं नाही. आता तू जाऊन दोन वर्षं होत आली आणि मी कागद घेऊन बसलोय. हसशील ना? हस. पण मग नीट ऐक, कारण मी तुझा अपराधी आहे.

काल मी आक्काच्या गयाला सगळं सांगून टाकलं. तुला दिलेला शब्द मोडला. बारा वर्षं पाळला होता, माय, एका दुपारी मोडला! दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्यापर्यंत जाण्यापेक्षा मीच कळवावं, म्हणून हे पत्र.

पण आधी माझं पहिलं खोटं आठवतं. ते मी तुझ्याशीच बोललो होतो.

मी उर्दू शाळेतून पास होऊन आलो, तेव्हा तू बोरीभर सांगत सुटलीस की मुंजा आता मास्तर होणार. वडील गेल्यावर तू मेंढरं राखून मला शिकवलं होतंस. ‘मास्तर झालास म्हंजी लोक वाकून रामराम घालतेत,’ एवढंच तुझं मागणं. मास्तराची जागा दुसऱ्याला गेली. जिंतूरच्या दवाखान्यात एक जागा रिकामी होती. गावोगाव फिरून लेकरांना देवी टोचायच्या. आधीच्या माणसाला एका गावानं दगड मारून हाकललं होतं आणि तो पुन्हा कामावर आलाच नव्हता. म्हणून ती जागा मला मिळाली. मी निवडली नाही. माझ्याशिवाय ती कुणाला नको होती.

आणि तुला मी काय सांगितलं? ‘दवाखान्यात लिहायचं काम हाय.’ तुला किती आनंद झाला! तू शेजारपाजारी गूळ वाटलास.

दीड वर्ष मी हे निभावलं. गावात शिरलो की बायका लेकरं घेऊन शेतात पळायच्या. दारं लागायची. टोचलेल्या दंडावर माझी पाठ फिरताच शेण फासायच्या. म्हाताऱ्या बोटं मोडायच्या. मला त्या कामाची लाज वाटायची, माय. रात्री चावडीत पडल्या पडल्या वाटायचं, यापरीस मेंढरं बरी होती, ती निदान शिव्या तरी देत नव्हती.

मग एक दिवस दौऱ्याच्या यादीत बोरीचं नाव आलं.

आठवतं तुला? सकाळी दवंडी झाली. मी चावडीसमोर पेटी उघडून बसलो होतो आणि बायकांच्या घोळक्यात तू होतीस, तोंडाला पदर लावून. सगळ्यांत आधी तू मला ओळखलंस. वळलीस आणि घरी गेलीस.

दुपारी मी जेवायला आलो, तेव्हा तू भाकर वाढलीस आणि लांब जाऊन बसलीस.

‘माय, बोल की.’

‘काय बोलू? लिहायचं काम हाय म्हनला व्हतास.’

‘तुला आवडलं नसतं.’

‘मग आता आवडायलंय व्हय?’ तू चेहऱ्यावरचा पदर काढलास. तुझ्या गालांवरचे ते खोल वण मी लहानपणापासून पाहत आलो होतो. ‘लहानपणी देवी माझ्या अंगात येऊन गेली. तिनं मला जित्तं ठिवलं. आन् तू तिला सुई दाखवायलास? मेंढरांना देवी येती, तवा आपन टोचतो का? निवद दाखवतो, हात जोडतो.’

मला दवाखान्यात शिकवलेलं सगळं येत होतं. लस कशी होते, ती का लागू पडते, सगळं. तुझ्यापुढं मी नुसती भाकर कुस्करत राहिलो.

संध्याकाळी मी आक्काच्या घरी गेलो. आक्का आणि दाजी खुरपणीला गेले होते आणि तू गयाला कडेवर घेऊन दारात उभी होतीस. चार वर्षांची होती ती. मला बघून ‘मामा’ म्हणून झेपावली.

तू तिला आवळून धरलंस. ‘हिला हात लावलास, मुंजा, तर माझ्या मातीला येऊ नको.’

त्या दिवशी गावात मी चाळीसेक लेकरांना टोचलं होतं. किती आयांशी भांडलो होतो! एकीच्या दारात तर तासभर बसून राहिलो होतो. पण तुझ्यापुढं मी पेटी बंद केली. वहीत गयाच्या नावापुढं लिहिलं, ‘गैरहाजर’. आणि निघालो.

पुढच्या उन्हाळ्यात बोरीत देवी आल्या.

मला जिंतूरला निरोप मिळाला, तेव्हा मी चालतच निघालो. आक्काच्या दाराला लिंबाचा पाला बांधलेला होता. आत तू गयाला मांडीवर घेऊन बसली होतीस. तिचा चेहरा मला ओळखू आला नाही. तीन आठवडे तू तिथून उठली नाहीस. तिचे हात फडक्यानं बांधून ठेवलेस, खाजवू नये म्हणून. पाणी थेंबाथेंबानं पाजलंस. गया वाचली. डावा डोळा मात्र गेला.

तुझ्यामुळं ती वाचली, माय, हेही खरंच आहे. हे मी कालसुद्धा तिला सांगितलं.

मला वाटलं होतं, आता तू माझं तोंड बघणार नाहीस, नाही तर मी तुझं. महिनाभर मी बोरीला फिरकलो नाही. मग एका सकाळी तू जिंतूरला माझ्या खोलीच्या दारात उभी! अर्ध्या रात्रीपासून चालत आली होतीस. पायांना धुळीचा थर, हातात भाकरीचं फडकं.

‘चल,’ म्हणालीस.

‘कुठं?’

‘बोरीत जेवढी लेकरं राहिलीत तेवढी टोचायची. मी सांगते बायांना.’

मी विचारलं, ‘माय, तुला पटलं?’

तू खाली बसलीस. ‘पटलं बिटलं न्हाई मला. देवी कोपंल असंच वाटायलंय अजून. पर कोपली तर माझ्यावर कोपू दे. मी म्हातारी हाय.’ मग थांबून म्हणालीस, ‘गयाला सांगू नको, मुंजा. आक्काला बी न्हाई. त्यांना वाटतंय तू तवा त्यांच्या दाराला आलाच न्हवतास. तिच्या मनात आजीची माया हाय, तेवढी ऱ्हाऊ दे.’

मी शब्द दिला. मलाही तो सोयीचा होता, माय. खरं सांगायचं तर तुझ्यापेक्षा मलाच तो जास्त सोयीचा होता.

त्यानंतरची वर्षं! तू माझ्याबरोबर किती गावं हिंडलीस? सुरुवातीला नुसती बोरी, मग वाड्या-वस्त्या, मग लांबची गावंही. मेंढरं चुलत्याकडं सोडलीस. माझ्या आधी तू अंगणात शिरायचीस, पदर मागं सारून आपले वण दाखवायचीस आणि म्हणायचीस, ‘बाई, पाप लागलं तर ते मला लागंल. जिम्मा माझा. लेकराचा हात दे.’

सरकारचा हुकूम, तहसीलचा शिपाई, माझी सनद, यांतल्या कशानंच जे झालं नव्हतं, ते तुझ्या त्या एका वाक्यानं व्हायचं. बायका तुझ्याकडं बघत राहायच्या आणि हळूच लेकराची बाही वर करायच्या.

एका म्हातारीनं तुला विचारलं होतं, ‘समद्यांचं पाप घेत सुटलीस, ठिवशील कुठं?’ तू म्हणालीस, ‘तोंडावर एवढे खड्डे हायेत की! मावंल त्यात.’ केवढ्यानं हसल्या होत्या सगळ्या!

मला मात्र तू बोलायचीस. ‘मेंढराचा कान टोचायलास का? हळू धर.’ लेकराला आधी मांडीवर घ्यायचं, त्याचं नाव विचारायचं, आणि ते नाव सांगेपर्यंत टोचून मोकळं व्हायचं, हे मला दवाखान्यात कुणी शिकवलं नाही. तू शिकवलंस. आठ दिवसांनी फोड बघायला गेलो की तीच लेकरं पळत पुढं यायला लागली. मला कधीपासून या कामाची लाज वाटेनाशी झाली, ते सांगता येणार नाही.

एकदा ओढ्याकाठी भाकर खाताना तू अचानक विचारलंस, ‘तुला हे काम आवडतंय का रे?’

मला इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, ‘माहीत न्हाई, माय. मला मास्तर व्हायचं व्हतं.’

‘मला कुठं मेंढरं राखायची व्हती? माझ्या बापाची व्हती, मग तुज्या बापाची. कुनी इचारलं न्हाई. पैल्यांदा लय रडले. मग एक कोकरू आजारी पडलं, त्याला रातभर उराशी धरून बसले. सकाळी ते उठून उभं राहिलं. त्या दिसापासून ती माझी मेंढरं झाली.’

बोलून तू ओंजळीनं पाणी प्यालीस आणि पुढच्या गावाची वाट धरलीस. मी मात्र त्या दिवसापासून हे माझं काम म्हणून करायला लागलो.

तुझ्या शेवटच्या तापात एक गोष्ट मला खात होती. तुला वाटत असेल का, की देवीनं आता हिशेब मागितला? मी धीर करून विचारलं. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, ‘हिवताप हाय म्हनून तूच सांगितलंस की. आता कामून बदलायलास?’ तेव्हा हसू आलं होतं मला. पण माय, खरंच तुला तसं वाटत नव्हतं ना? का माझ्यासाठी बोललीस? एवढं मात्र सांगून जायला हवं होतंस.

आता कालचं.

गया सोळा वर्षांची झालीय. मी शिकवलं तेवढं लिहिते-वाचते. परभणीच्या जनाना दवाखान्यातल्या एक नर्सबाई दौऱ्यावर आल्या होत्या. लेकरं धरताना त्यांनी तिचे हलके हात पाहिले आणि म्हणाल्या, ‘घेऊन या हिला, काम शिकवू.’ गयाचं मन तेव्हापासून तिकडंच. दाजी म्हणतात, ‘आधीच एक डोळा न्हाई, त्यात दवाखान्यात राबली तर कोन करून घेईल?’ आक्का नुसती रडते. मीही टाळत होतो. दिवस बरे नाहीत, वाटा सुरक्षित नाहीत, बघू पुढं, असं म्हणत होतो.

काल ती एकटी माझ्याकडं आली. लसीच्या नळ्या मी पेटीत लावत होतो. ती म्हणाली, ‘मामा, तुमी समद्या गावाला टोचलं. मग मला कामून न्हाई टोचलं?’

किती वर्षं हा प्रश्न तिच्या मनात होता कुणास ठाऊक! ‘तू गैरहाजर होतीस’ असं मी सांगू शकलो असतो, वहीत तसं लिहिलेलंही आहे. पण तिचा तो एक डोळा माझ्यावर रोखलेला होता. मी सगळं सांगितलं. दारात तू उभी होतीस ते, तू काय म्हणालीस ते, मी पेटी बंद केली ते, वहीतलं खोटंही.

मी म्हणालो, ‘गया, रागव माझ्यावर. आजीवर रागावू नको.’

‘आजीवर कशाला रागवू? तिला ठावं न्हवतं,’ ती म्हणाली. ‘तुमाला ठावं व्हतं, मामा.’

माय, तू मला कधी एवढं बोलली नाहीस गं. बोलायला हवं होतंस.

मी मान खाली घातली. तिचा आवाज चढला नव्हता. ‘तुमच्या जागी मी असते तर आजीला बाजूला सारलं असतं. ती माझ्या मातीला येऊ नको म्हनली असती तरी बी सारलं असतं. मागनं पाया पडले असते.’ मग उठली, साडीवरची धूळ झटकली आणि विचारलं, ‘परभनीची मोटार किती वाजता सुटती?’

तेव्हा मला कळलं, हे काम करायला आपल्या घरात खरं कोण जन्माला आलंय ते. मी नाही, माय.

सोमवारी मी तिला घेऊन परभणीला जाणार आहे. दाजी नाही म्हणाले तरी. आणि त्याआधी आक्कालाही मीच सगळं सांगणार, मुलीच्या तोंडून तिला कळायला नको. ती रडेल, तुला बोलेल, मलाही बोलेल. मी मध्ये तोंड घालणार नाही, तुझी बाजूही मांडणार नाही. तिचं बोलून होईपर्यंत बसून ऐकेन, एवढं तुला कबूल करतो.

तुझा,
मुंजा