फरशीची मागची बाजू

३ मार्च, रविवार

दादाचा फोन. एकतीस तारखेला गाडी घेऊन येतोय आणि आईला नेणार म्हणजे नेणार! "त्या मागच्या चिखलात पडली, पाय प्लास्टरमध्ये गेला. आता दुसऱ्यांदा पडायची वाट बघायची का?" खोटं नाही. कपडे वाळत घालायला गेली आणि घसरली, तेही माझ्या देखत.

मी म्हटलं, मागे फरशी घालून घेते. मग तर राहील ना ती?

"चार आठवड्यांत? तुम्ही?" हसला. मग म्हणाला, "घाला. मी येऊन बघतो. नाही झाली तर तिची बॅग भरून ठेव."

आईला विचारलंय का कुणी? नाही. ती पुढच्या खोलीत उशीवर पाय ठेवून छताकडे बघत असते. बाबा गेल्याला आठ महिने झाले, तेव्हापासून बोलणंच आटलंय तिचं. पण मला माहीत आहे. बावन्न वर्षं ह्या घरात काढलेली बाई दादाच्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन काय करेल? खिडकीतून लोकांच्या गाड्या मोजेल?

मला ती इथे हवी आहे. स्वार्थ म्हणा हवं तर.

४ मार्च

मिस्त्रीला विचारलं. त्याने आकडा सांगितला. मी त्याला दुसरा चहा दिला नाही.

५ मार्च

कढी ढवळता ढवळता सुचलं. "अहो! बाबांचा ढीग!"

बाबा जन्मभर लोकांच्या घरात फरश्या बसवत फिरले. एखादं मोठं काम संपलं की उरलेल्यातली एक, मालकाला विचारून, सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी. मोठी असली तर फूट-बाय-फूट कापून. मी दारातच उभी असायची. "ओळख, कुणाचं घर?" म्हणायचे. हिरवी असली की मी म्हणायची डॉक्टरचं. दरवेळी चुकायची, दरवेळी मला गोळी मिळायची.

मागच्या भिंतीशी, पत्र्याखाली तो ढीग वाढत गेला. आई म्हणायची, "दिव्याखाली अंधार तो हाच! लोकांची घरं चकाचक आणि आमच्या दारात उकिरडा." बाबांचं उत्तर ठरलेलं. मागच्या दारापासून कपड्यांच्या तारेपर्यंत सहा बाय नऊ. "चोपन्न झाल्या की घालू."

चोपन्न व्हायच्या आत गुडघे गेले. मग बाबाही.

आज ह्यांनी आणि मी मोजल्या. त्रेपन्न! एक कमी. बाबा, तुम्ही पण ना!

९ मार्च, शनिवार

दुकानातून (चष्म्याचं दुकान, शनिवारी अर्धा दिवस) थेट फावड्यावर. लेकीने कॉलेजला दांडी मारली आणि म्हणे, "हे शिक्षणच आहे." चिखल खरवडला, खडी टाकली, लाकडाच्या ओंडक्याने ठोकून ठोकून बसवली. ह्यांनी फोनवर व्हिडिओ बघितलेत, त्यामुळे आता ते मिस्त्रीच झालेत. कमरेवर हात ठेवून सांगतात, "उतार बाहेरच्या बाजूला हवा." हे मला सांगतात! फरशीवाल्याच्या लेकीला!

आई आतून ओरडली, "काय पाडताय रे?" आठ महिन्यांतलं तिचं सगळ्यात मोठं वाक्य.

१० मार्च

पाठ. कंबर. पुन्हा पाठ.

१६ मार्च, शनिवार

पहिल्या दोन ओळी बसल्या, बारा फरश्या. रंगाला रंग नाही, लाल, काळी, ठिपक्यांची, एक तर चक्क गुलाबी. पण दिसतंय छान! गोधडीसारखं.

कामं वाटून घेतलीत. लेक माल कालवते, मी बसवते, हे फरश्या धुतात. ह्यांच्याशिवाय ते कुणाला जमणार? शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काचेच्या नळ्या घासतायत. टबात फरशी बुडवायची, तारेच्या ब्रशने मागची बाजू घासघास घासायची. "मागून स्वच्छ असली तरच सिमेंट धरतं," इति व्हिडिओ. पाणी काळंभोर होतं. मी म्हटलं, नवरा असावा तर असा.

१७ मार्च, रविवार

आणखी बावीस. चौतीस झाल्या. थापीच्या दांड्याने एकेक ठोकून बघितली. बाबा मला जवळ बसवून ठोकायचे, "ऐक. भरीव बोलते का पोकळ?" सगळ्या भरीव. एकदम त्यांच्या शर्टाचा वास आला, सिमेंटचा आणि घामाचा. थापी हातात धरून बसून राहिले. लेक म्हणाली, "आई, माल सुकतोय."

दादाला बाबांनी हे कधी शिकवलं नाही. म्हणजे शिकवायला नेलं होतं. दहावीला नापास झाला तेव्हा, सोळा वर्षांचा होता. एका बंगल्यात फरशी बसत होती. दादाने लावलेली वाकडी गेली म्हणून बाबांनी मालकाच्या घरच्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. दादाने थापी टाकली आणि चालत मामाकडे गेला. तो गेलाच. शिकला, मोठा झाला, सगळं झालं. पण ह्या घरात तो तासभराच्या वर टेकत नाही. चहासुद्धा उभ्याने पितो. बाबांनी त्या दिवसाचा विषय पुन्हा काढला नाही, दादानेही नाही. बाप तसा लेक.

म्हणून तर त्याला हे घर नको आहे. आईच्या पायाचं निमित्त.

२३ मार्च, शनिवार

वाट लागली.

आज मी ढिगातून पस्तिसावी उचलली आणि टबाकडे नेताना सहज उलटी केली. मागे पेन्सिलीची अक्षरं. बाबांची ती चपटी पेन्सिल, कानावर ठेवायचे ती.

"दवाखान्याची जमीन. धाकटी इथेच झाली, सात वर्षं झाली."

धाकटी म्हणजे मी.

मी ओरडले, "थांबा! घासू नका!" हे ब्रश घेऊन तसेच उभे. मग आम्ही दोघांनी टबातल्या त्या काळ्या पाण्याकडे बघितलं.

चौतीस फरश्या. चौतीस! बाबांनी लिहिलेल्या, आणि आम्ही घासून, पुसून, सिमेंटमध्ये गाडून टाकल्या. मी ह्यांना नाही नाही ते बोलले. ते पायरीवर बसून रडले. जावई असून रडले. मग मीही.

आईला सांगायचं नाही. तिने आता कुठे तोंड उघडलंय.

२४ मार्च

उरलेल्या एकोणीस वाचल्या. इथे उतरवून ठेवते, म्हणजे निदान ह्या तरी राहतील.

"जिना, अठरा पायऱ्या. मालकीणबाई भल्या, दोनदा चहा."

"पाऊस. काम बंद. घरी पत्ते. ही लबाडीने जिंकली."

"धाकटीने डॉक्टरचं घर म्हटलं. शिंप्याचं होतं. गोळी दिली."

"गुडघे." एवढंच.

"मोठ्या लोकांचं न्हाणीघर आपल्या घराएवढं. हिला सांगायचं नाही."

अशा एकोणीस. हसत होते आणि डोळे पुसत होते. बाबांना एवढं बोलता येत होतं? समोर तर "हूं" आणि "वाढ" एवढंच. एक लक्षात आलं. एकोणिसांत एकदाही "चुकलं" नाही. आणि दादाचं नाव नाही. असलंच तर त्या चौतिसांत असेल. गेलं ते.

ह्या एकोणीस न घासता बसवायच्या. धरलं सिमेंटने तर धरलं.

३० मार्च, शनिवार

झाली! कोपऱ्यातला एक चौकोन तेवढा उघडा आहे, दातपडक्या पोरासारखा. आईच्या पायाचं प्लास्टर बुधवारी निघालं. पण तिला अजून मागे आणलेली नाही. उद्या दादासमोरच आणू.

वहिनीचा फोन होता. आईसाठी खोली रंगवून घेतली म्हणे. फिकट पिवळी. मी "छान" म्हटलं.

३१ मार्च, रविवार

सगळं लिहायचंय.

दादा दहाला आला. चहा उभ्याने. मागे येऊन पायाने फरशी दाबून बघितली. "बरी झालीय," म्हणाला. मग आत वळून आईला, "पण आई, दोन पायऱ्या आहेतच. पावसाळा येतोय. ही दोघं दिवसभर बाहेर. चल तू."

आईला धरून आणली, खुर्चीत बसवली. ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बघत गेली. मग म्हणाली, "उलट्या करून वाचल्यात ना रे सगळ्या?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी जमिनीकडे. लेकीला राहवेना. भडाभडा सगळं सांगून टाकलं. बाबांनी मागे लिहिलेलं, ब्रश, चौतीस. ह्यांनी आईचे पायच धरले. "जावईबापू, उठा हो," ती म्हणाली, "अक्षरं पुसली तुम्ही. माझं डोकं नाही ना पुसलंत?"

आणि काठी उचलली. पहिल्या लाल फरशीवर टेकवली.

"ही शाळेच्या व्हरांड्याची. ह्यांनी लिहिलं होतं, पोरं ओल्यावरून धावली, पुन्हा केलं." काळी. "ही वाण्याची. पैसे उशिरा, पण दिले." गुलाबी. "ही नव्या नवरीची खोली. हिलाही अशी द्यायला हवी होती." इथे ती जरा लाजली! सत्तरीची बाई! एकेक करत तेहतीस. आम्ही जमिनीवर बसून ऐकत होतो. दादा दाराला टेकून उभाच होता.

चौतिसावी, ठिपक्यांची. काठी त्यावर थांबली.

"ही त्या बंगल्याची," आई म्हणाली. दादाकडे बघितलं नाही. "थोरल्यावर हात उचलला. चारचौघांत. फरशी वाकडी नव्हती, माझंच डोकं वाकडं होतं. आता कुठल्या तोंडाने बोलावू?"

दादा हळूच खाली आला आणि त्या फरशीवर बसला. पन्नाशीचा माणूस, मांडी घालून. हाताने ती चाचपत होता. म्हणाला, "वाकडीच होती गं आई. मला आठवतंय."

मग रडला. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सोळाव्या वर्षी ठेवायचा राहिला होता तो.

बॅगेचा विषय कुणी काढला नाही. दादा जेवला. बसून जेवला! वहिनीला फोन करून म्हणाला, "उद्या येतो. नाही, आई नाही येत. पायऱ्यांना कठडा करायचाय इथे."

१ एप्रिल

दादाने कठडा बसवला. उरलेला माल त्या उघड्या चौकोनात भरला, थापीने सारखा केला आणि जीभ बाहेर काढून खिळ्याने लिहिलं, "थोरला आला. राहिला." वरच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल असं.

जाताना दुसरा चहा मागितला.

२ एप्रिल

आई काठी टेकत एकटी मागे गेली, उन्हात बसली. मी कपडे वाळत घालता घालता विचारलं, "चौतीस कशा गं पाठ तुला?"

"कसल्या पाठ! झाडताना सहा-सात वाचल्या असतील. बाकीच्या जुळवल्या. बावन्न वर्षांत माणूस कळतो तेवढा."

"आणि दादाची?"

तिने काठी त्या कोपऱ्यातल्या सिमेंटच्या चौकोनावर टेकवली.

"त्या बंगल्याहून ते रिकाम्या हाताने आले होते," म्हणाली. "म्हणून तर एक कमी पडली."