दाराबाहेरचा छोटा जोड

मंगळवार, संध्याकाळ. पनवेल.

आज दवाखान्यातून निघताना कोन गावाहून आलेल्या बाईच्या मुलाच्या पायात चपला मीच घातल्या. ती ओशाळली. "अवो मॅडम, तुमी नका, मी घालते ना!" मी ऐकलंच नाही. काय वाटलं असेल तिला?

आफ्रिकेत, मलावीतल्या मोफत शिबिरात पेशंटना चपला बाहेर काढायला मीच सांगितलं होतं, इथल्या सवयीने. तिथे तशी पद्धत नाही, तरी सगळ्यांनी ऐकलं. तापाने फणफणलेल्या एका लहान मुलीनेसुद्धा. आईचं बोट धरून आली, आईच्या चपलांशेजारी स्वतःच्या नीट लावून ठेवल्या. आत येताच तिला झटके सुरू झाले. आम्ही मायलेकींना मागच्या दाराने जीपमध्ये बसवून मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. चपला पुढच्या दाराशीच राहिल्या. नंतर रोज येता-जाता मला त्या दिसायच्या.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मुलीचा बाप आला. दुभाषी शेजारीच उभा होता, मुलगी कशी आहे ते विचारता आलं असतं. का नाही विचारलं मी?

त्याने बायकोच्या चपला उचलल्या, धूळ झटकली. छोट्या चपलांकडे बघितलं. मग त्या तशाच ठेवून निघून गेला.