कानातला कापूस

चिमे,

हे पत्र काही मी पाठवणार नाही, पण बोलल्याशिवाय चैन पडत नाही. कॉलेजात म्हातारपणाचा विषय घेतलास, ठीक. पण परवा गृहपाठ म्हणून कानात कापूस, बुटांत खडे आणि डोळ्यांवर तेल फासलेला चष्मा घालून दिवसभर घरात धडपडलीस आणि माझं डोकं उठवलंस. संध्याकाळी रडकुंडीला आलीस.

"आजी, सगळे माझ्यादेखत माझ्याबद्दल बोलतात, मला कुणी काही विचारतच नाही. तू कसं सहन करतेस गं?"

मला वाटलं, चला, पोरीला एवढं तरी कळलं. मग तू कापूस काढलास, चष्मा पुसलास आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलीस, "आई, आजी चहा घेईल का?"

घेतला असता गं.

तुझ्या शेजारीच बसलेली,
आजी