बाजूची फट

प्रिय धाकट्या,

आईने तुझा निरोप पोचवला. अर्थात तिच्या पद्धतीने: आधी तुझी बाजू, मग माझी बाजू, आणि शेवटी दोघंही बापावर गेलात म्हणून कपाळाला हात. निरोप असा, की ताईने वर्कशॉपमध्ये यावं, नदीवरच्या लाँचच्या मालकांसमोर चूक कबूल करावी, म्हणजे झालं गेलं विसरून जाऊ. मी येणार नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिणार होते, पण आईचं सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

त्या दिवशीची हकिगत तू सगळ्यांना तुझ्या परीने सांगितली आहेस, आता माझ्या परीने ऐक. इंजिन स्टँडवर उलटं टांगलेलं होतं. त्याच्या क्रँकच्या एकेका खुंटीवर दोन कनेक्टिंग रॉड शेजारी शेजारी बसतात, एका बाकावर दोन भावंडं बसावीत तसे. त्यांच्यात बाजूला थोडी फट लागते. मी फीलर गेजची पातळ पाती एकेक करून आत सरकवत ती मोजत होते. बाकीच्या जोड्यांत पातं किंचित ओढ देत नीट सरकलं. शेवटच्या जोडीत मात्र सगळ्यात पातळ पातंसुद्धा शिरेना. तू मोडीतल्या इंजिनाचा जो रॉड आणला होतास, तो अंगाने जरा जाड होता. जरासाच. नजरेला कळणार नाही इतका.

मी तो काढून घासायला पाठवू म्हटलं. तू घड्याळाकडे पाहिलंस, मालकांकडे पाहिलंस आणि म्हणालास, चालता चालता जागा करून घेईल तो. अरे, रॉड म्हणजे काय गर्दीत शिरलेला पाहुणा आहे, सरका म्हटलं की सरकायला? इंजिन तापलं की लोखंड फुगतं. फट नसली तर तेलाला बाहेर पडायला वाट उरत नाही, मग दोन्ही रॉड एकमेकांना धरून बसतात आणि ठिकऱ्या उडतात. हे तुला माहीत नव्हतं असं मी म्हणत नाही. तुला ठाऊक होतं, म्हणून तर राग आला. तो रॉड काढायला मी बोल्टला पाना लावला तेव्हा तू सगळ्यांदेखत म्हणालास, "ताई, वर्कशॉप माझ्या नावावर आहे. बाबा असते तर एवढ्याशा फटीवरून अडून बसले नसते."

मी पाना खाली ठेवला, हात धुतले आणि निघून आले. तुला वाटलं, बरी जिरली. मला बोलता येत नव्हतं, कारण पुढचं वाक्य आईने आजवर घरात कुणाला उच्चारू दिलेलं नाही. आता तिला विचारूनच लिहिते आहे. ती ऐकून घेत भाजी निवडत राहिली आणि म्हणाली, लिही.

बाबा एकदा अडून बसले नव्हते.

तू अंगावर पीत होतास. तेव्हाच्या लाँचचं इंजिन बाबांनीच बांधलं होतं, असंच घाईत, असाच एक रॉड जुळवून घेऊन. आई, तू आणि मी पलीकडच्या काठावरून परत येत होतो. ऐन प्रवाहात खालून हातोडा मारल्यासारखा आवाज झाला, फळ्या हादरल्या आणि लाँच पुलाच्या खांबांकडे वाहत निघाली. आईने तुला माझ्या मांडीवर टाकलं आणि स्वतः नांगराचा दोर धरणाऱ्यांत जाऊन उभी राहिली. तू झोपलेलाच होतास, म्हणून तुला मिठी मारून मी रडणं दाबून धरलं. कुणी बुडालं नाही. पण इंजिनापाशी उभ्या असलेल्या खलाशाचा उजवा हात कोपरापासून गेला.

हो, तेच काका. बाबा तुला घेऊन ज्यांच्याकडे पत्ते खेळायला जायचे ते. त्यांची पानं बाबा का लावून द्यायचे, असं तू एकदा विचारलं होतंस आणि बाबा उठून अंगणात गेले होते. त्या अपघातानंतरच त्यांनी मला इंजिनापाशी उभं केलं. म्हणाले, माझ्या हाताला घाईची सवय आहे, तू मोज. मी हो म्हणेपर्यंत बोल्ट आवळायचे नाहीत, स्वतः त्यांनीसुद्धा. लोक हसायचे, पोरीच्या हुकमावर चालतो म्हणायचे. बाबा खुशाल हसू द्यायचे. त्यामुळे बाबांचं नाव घेऊन मला गप्प करू नकोस. ते नाव माझ्याकडेही आहे.

चूक मी कबूल करणार नाही, कारण मी चुकले नाही. उलट काल मी स्वतः धक्क्यावर जाऊन मालकांना सगळं सांगितलं. आधी ते माझ्यावर ओरडले, मग तुझ्यावर. शेवटी त्यांनी विचारलं, त्या इंजिनाच्या लाँचमध्ये तुमच्या आईला बसवाल का? मी म्हटलं, आईला नाही, आणि तुमच्या खलाशालाही नाही.

म्हणून हे पत्र. उद्या सकाळी त्यांची माणसं इंजिन उचलायला येतील. त्यांना अडवू नकोस. ते आता धक्क्यावरच्या शेडमध्ये बांधलं जाईल आणि मी बांधणार आहे, उशीर होईल तितका होऊ दे. लोक म्हणतील बहिणीने भावाचं काम पळवलं, म्हणू देत. तुझ्या वर्कशॉपमध्ये मी पुन्हा पाऊल टाकणार नाही. पण मी पातं धरलं की क्रँक सावकाश फिरवायला दुसरं माणूस लागतं, आणि घाई नसली की तुझ्याइतका हलका हात मी कुणाचा पाहिलेला नाही. यायचं असेल तर शेडमध्ये ये. माफी तूही मागू नकोस, मीही मागणार नाही. फक्त मी हो म्हणेपर्यंत बोल्ट आवळायचा नाही.

तुझीच, पण तुझ्या हाताखालची नव्हे,
ताई